सुभद्राकाकींचा डबा

कुरुळीच्या गोरक्षनं कोकणात दुसरा संसार थाटलाय, ही बातमी आमच्या सोसायटीत दर दिवाळीनंतर ताजी होते. कारण तो दरवर्षी कुणा सुभद्रासाठी डबाभर लाडू करून घेतो. बातमी साफ खोटी आहे. सुभद्राकाकी सत्तरीच्या आहेत आणि लाडू वळते ती गोरक्षची बायको तेजलच.

सहा वर्षांपूर्वी गोरक्ष आणि कंपनीतले दोन मित्र सायकलींवर हरिहरेश्वरला निघाले होते. ताम्हिणी घाट उतरल्यावर गोरक्षचा टायर फाटला. रस्त्याकडेच्या घरातल्या काकींनी तिघांना आधी जेवायला वाढलं, नाव-गाव मागाहून विचारलं. निघताना स्टीलच्या डब्यात घावणे बांधून दिले. "डबा तेवढा आणून दे हो," म्हणाल्या.

आता कुणाचा डबा रिकामा कसा परत करायचा? म्हणून हे लाडू. पण ऐन निघायच्या आठवड्यात एका मित्राला ओव्हरटाइम लागतो, नाहीतर दुसऱ्याचा गुडघा धरतो. मग लाडू आम्ही शेजारीच खातो. गोरक्ष डबा घासून फळीवर ठेवतो आणि उभ्या सायकलच्या चेनला उगाच तेल देत बसतो.

यंदा तिसरा लाडू उचलत शेजारचे रंगराव म्हणाले, "अरे, मोटारीनं चार तासांचं काम. म्हातारी थांबणाराय होय तुझ्यासाठी?"

गोरक्षनं डबा स्वतःकडं ओढून घेतला. मग म्हणाला, "मोटारीतनं उतरलो तर ती पाव्हणा म्हणून खुर्ची देईल, काका. मला घामेजून जायचंय, अन् 'आलास काय रे, पाय धू' म्हणलेलं ऐकायचंय."