मागचा पट्टा

माझ्या सासूबाई घोड्यांच्या झुली शिवतात. थंडीत घोड्याच्या पाठीवर घालतात ते जाड पांघरूण म्हणजे झूल. तिला एक पट्टा छातीवर, एक पोटाखालून, बक्कलं, आणि घासतं तिथे चामड्याची पट्टी. आमचं घर घोडेस्वारीच्या शाळेच्या अगदी समोर आहे. बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर आरी, दाभण आणि मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडाळी. भिंतीवर खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एका घोड्याच्या तीन दोऱ्या: मानेची, छातीची, पोटाची. माप जिथे संपतं तिथे गाठ. टेपवर सासूबाईंचा विश्वास नाही. आकडा माणूस विसरतो, गाठ विसरत नाही, असं त्या म्हणतात. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यातल्या एका दोरीवर ओले मोजे वाळत घातले होते. ती गोष्ट मला अजून ऐकवली जाते.

समोरच्या शाळेत बदामी आली तेव्हा ती तीन वर्षांची होती. सडपातळ, बुजरी, कागद उडाला तरी दचकणारी. शाळेच्या मास्तरांनी कुठल्याशा शेतावरून ती आणली होती. थंडी सुरू व्हायच्या आत सासूबाईंनी तिच्या तीन दोऱ्या घेतल्या आणि झूल शिवून दिली. सहा आठवड्यांनी मोतद्दार, म्हणजे तिथला घोड्यांचं सगळं बघणारा माणूस, ती झूल खांद्यावर टाकून आमच्या दारात आला. मागचा, म्हणजे पोटाखालून जाणारा, पट्टा पुरत नव्हता. सासूबाईंना आश्चर्य वाटलं, पण त्या पुन्हा जाऊन मापून आल्या आणि नवा पट्टा लावून दिला. पाच आठवडे गेले आणि झूल परत आली. पट्टा पुन्हा चार बोटं कमी.

"मावशी, वय झालं आता," मोतद्दार म्हणाला. "हात चुकायचाच."

तो प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. रागाने म्हणाला असता तर सासूबाईंनी त्याला तिथल्या तिथे सरळ केला असता. मग मास्तरांचा निरोप आला की पुढच्या झुली शहरातल्या दुकानातून आणू, तुम्ही आता आराम करा. ह्यांनी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची किंचित सुरुवात आहे, इतक्यात काही करायला नको. घरात मात्र सगळ्यांनी फक्त 'मोतीबिंदू' एवढंच ऐकलं. खोटं कशाला बोलू, मलाही ती बाहेरची खोली हवी होती. खिडकीपाशी मुलीच्या अभ्यासाची छान सोय झाली असती. सासूबाईंनी थांबावं असं सगळ्यात आधी बोलून दाखवलं ते मीच.

त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या मात्र राहिलेली थोडी कामं करत राहिल्या. एक दिवस केर काढताना माझं लक्ष टेबलावरच्या पट्ट्यांकडे गेलं. प्रत्येक पट्टा गाठीच्या पुढे चार बोटं जास्त कापलेला होता. ह्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या ढगळ कामाला नावं ठेवलेली. मी विचारलं, हे असं का? तर म्हणाल्या, "असू दे. चुकलंच तर आत घेता येतं." चार दिवसांनी त्यांनी आरी आणि दाभण डब्यात भरून डबा फळीवर ठेवला. मग हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसायला लागल्या.

तिकडे मोतद्दाराने बदामीवरही खटला चालवला होता. घोडी खादाड निघाली, बसून बसून सुटली, असा त्याचा निकाल. तिची चंदी, म्हणजे रोजचं धान्य, निम्म्यावर आली आणि सकाळच्या फेऱ्या दोनाच्या चार झाल्या. पट्टा पुरत नाही तर एक तर म्हातारीचे डोळे गेले किंवा घोडीचं पोट सुटलं. आरोपी दोन सापडले, दोघींना शिक्षा झाली, आणि बाकी सगळे आपापल्या कामाला लागले.

आठवडाभराने एका दुपारी सासूबाई उठल्या आणि खिळ्यावरून बदामीच्या दोऱ्या काढल्या. मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. मोजायचं तू. माझे डोळे मध्ये नकोत."

मी म्हटलं, कशाला उगाच जीवाला त्रास?

"माझी गाठ चुकलेली निघाली तर खोली नातीला देऊन टाक. मी पुन्हा दाभण हातात धरणार नाही. पण मला एकदा कळू दे."

तबेल्यात बदामी झूल घालूनच उभी होती, मागचा पट्टा सुतळीने बांधलेला. आम्ही झूल उतरवली. थंडीचे लांब केस, त्यात वरून झूल. त्या घोडीचं पोट नीट असं गेल्या कित्येक आठवड्यांत कुणी हात लावून चाचपलंच नव्हतं. मी मानेपासून सुरुवात केली. दोरी बरोबर गाठीवर आली. छाती मोजली. तीही गाठीवर. मग पोटाखालून दोरी घेतली, तर पहिली गाठ कुठच्या कुठे राहिली, आणि झूल पहिल्यांदा परत आली तेव्हाची दुसरी गाठसुद्धा वीतभर अलीकडे राहिली. मी दोनदा मोजलं, मग उलट्या बाजूने जाऊन तिसऱ्यांदा मोजलं. मान आणि छाती ज्या हाताने गाठीला गाठ मोजली, तो हात पोटाशीच कसा चुकेल? सासूबाईंच्या गाठी खऱ्या होत्या. पोटच पुढे गेलं होतं.

मी तिथेच थांबून घरी जायला तयार होते. आपली माणसं खरी ठरली, एवढं मला पुरे. सासूबाई मात्र मानेची आणि पोटाची दोरी दोन हातांत धरून उभ्या राहिल्या.

"सुटली असती तर मान तेवढीच कशी राहिली?" त्या म्हणाल्या. त्यांनी घोडीच्या केसांत बोटं घातली आणि बरगड्या मोजल्या. एकूण एक लागत होत्या. मग कुशीच्या खाली, मागच्या पायाच्या पुढे तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. बदामी एरवी माशी बसली तरी थरथरायची, ती स्वस्थ उभी. बराच वेळ गेला. मग त्यांनी माझा हात ओढून आपल्या हाताच्या जागी ठेवला.

आतून धक्का बसला. थांबून आणखी एक. मी दोन मुलं पोटात वागवली आहेत, ती लाथ मला कुणी समजावून सांगायला नको होती.

"गाभण आहे," सासूबाई म्हणाल्या.

मोतद्दार बादली घेऊन येत होता, तो हसायलाच लागला. "मावशी, सुतावरून स्वर्ग गाठू नका. पोर आहे ती अजून. आणि आमच्याकडे घोडा आहे कुठे? सगळे खच्ची केलेले." एवढं म्हणाला आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. बदामीला आणायला तोच गेला होता. शेतावर तिच्याच कुंपणात एक दीड वर्षाचं शिंगरू होतं, नर. त्याने विचारलंही होतं, आणि शेतकरी म्हणाला होता, ते अजून लेकरू आहे, त्याला काय कळतंय. आम्हाला हे सांगता सांगता मोतद्दाराने बादली उलटी केली आणि तो तिच्यावर खाली बसला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. आम्ही दाराबाहेर उभ्या. आता मला वेगळीच भीती वाटायला लागली. पंधरा दिवस निम्मी चंदी, रोज चार फेऱ्या. आत काय उरलं असेल? शेवटची लाथ मला लागली त्यालाही तास झाला होता. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. डॉक्टरीणबाई हात धूत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जिवंत आहे. चांगलं मोठं आहे. अजून महिना, सव्वा महिना. आजपासून पाठीवर कुणी बसायचं नाही, आणि हळूहळू पोटभर चारा."

जीव भांड्यात पडला. मी हसत होते आणि नाक पुसत होते. मोतद्दार चंदीच्या पिंपात वाकला तो वरच येईना. धान्य काढायला एवढा वेळ लागत नाही.

संध्याकाळी मास्तर स्वतः आमच्या दारात आले. चप्पल काढून उभे राहिले आणि चुकलं म्हणाले. मी चांगले दोन-तीन टोमणे घासूनपुसून ठेवले होते. सासूबाईंनी मला संधीच दिली नाही. त्या म्हणाल्या, मागचा पट्टा आता बांधूच नका, पोट मोकळं राहू दे. आणि शहरातून झुली आणायच्या असतील तर आणा, माझं काही म्हणणं नाही. मास्तर म्हणाले, कुठलं शहर घेऊन बसलात!

ते गेल्यावर सासूबाईंनी फळीवरचा डबा खाली घेतला. ते चार बोटं जास्तीचे पट्टे समोर ओढले, आणि एकेक करून गाठीवर बरोबर कापून टाकले. तुकडे जमिनीवर पडत होते. मी ते झाडले नाहीत, त्यांचं होईपर्यंत नुसती बघत बसले. मला माझीच लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे माझा भरवसा होता?" मुलगी अजून स्वयंपाकघरातच अभ्यास करते.

सव्वा महिन्याने एका सकाळी बदामी व्याली. शिंगरू नुसतं पायच पाय, आणि रंग थेट आईचा. दोघं धडधाकट. पंधरा दिवसांनी मोतद्दार सांगत आला की शिंगराला पहिली मोहरकी हवी, तोंडावर चढवायची छोटी. सासूबाई समोर गेल्या, दोरी घेऊन आल्या, भिंतीत नवा खिळा ठोकायला मला सांगितलं आणि पट्टी कापायला बसल्या. मोतद्दार उंबऱ्यात उभा राहून बघत होता.

"मावशी, चार बोटं जास्त ठेवा," तो म्हणाला. "वाढतंय ते."

त्यांनी गाठीवर बोट ठेवलं आणि तिथेच कापलं.

"वाढलं की ये," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."