शर्यतीच्या गाडीला दारं कशाला

दसऱ्याला आमच्या अंगणात ट्रॅक्टर, मोटारसायकली पूजेला रांगेनं लावतात. यंदा लेकीनं रिकाम्या गोठ्यात वर्षभर खपून बनवलेली रेसची गाडी म्या त्याच रांगेत उभी केली. नुसता पाइपांचा सांगाडा, इंजिन आन् एक सीट.

दीर सगळ्यांदेखत हसले, "वहिनी, हे भंगार काढा. ना दार, ना टप, हिला काय पुजायचं?"

म्या म्हणलं, "भावजी, मामंजी बैलांच्या शर्यतीचा छकडा तासून तासून हलका करायचे. त्याला कधी दारं लावली व्हती का?"



मी हार घालाया गेले, तर लेक म्हणाली, "आई, हाराचं बी वजन होतंय की!"

मग हार दिरांच्या ट्रॅक्टरला घातला. रेसच्या गाडीच्या नाकावर झेंडूचं एकच फूल ठेवलं, आन् नारळ मात्र पहिला हिच्याच म्होरं फोडला.