भिंतीपलीकडची खुर्ची

दोघा भावांनी लागून लागून घरं बांधली तेव्हा विटा वाचाव्यात म्हणून मधली भिंत एकच ठेवली. ते दोघे आता नाहीत. अलीकडच्या घरात थोरली जाऊ राहते, पलीकडच्यात धाकटी. एकीकडे भांडं पडलं तर दुसरीकडे कळतं.

थोरलीने आयुष्यभर पडदे शिवले. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, शाळेच्या रंगमंचाचे. कापड नुसतं हातात घेतलं तरी त्याच्या चुण्या कशा पडतील हे तिला सांगता यायचं. शिवणाची खोली वरच्या मजल्यावर, कारण उजेड तिथे. धाकटी इस्पितळात टेलिफोनवर बसायची. महिन्याच्या महिन्याला पगार, पुढे पेन्शन. थोरलीला हे पहिल्यापासून खुपायचं. धाकटीच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन आधी यायचं, तेही खुपायचं, जणू सूर्याला तिनेच वश केलं होतं.

गुडघे मात्र दोघींचे एकाच सुमाराला गेले. थोरलीने कॉट खाली बैठकीत आणून टाकली आणि वरच्या मशीनवर चादर घातली, ती घातलीच. धाकटीचंही तसंच चालल्याचं ऐकून तिच्या जिवाला जरा बरं वाटलं होतं.

मग एक दिवस भिंतीपलीकडे ड्रिल चालू झालं. दुपारी ते थांबलं आणि एक हलकी घरघर ऐकू आली. ती खालून वर सरकत गेली, वर जाऊन थांबली, पुन्हा खाली आली. थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली.

"जाऊबाई, या ना बघायला!" धाकटीने दारातून हाक मारली.

जिन्याच्या कडेने चकचकीत रूळ बसवला होता आणि त्यावर सायीच्या रंगाची कोरी खुर्ची होती. धाकटी तीत बसली, पट्टा लावला, बटण दाबलं आणि महाराणीसारखी वर गेली. थोरली खालीच, मान वर करून उभी. आयुष्यभर हेच चाललंय, तिच्या मनात आलं.

"केवढ्याला पडली?" तिने विचारलं.

"किंमत ऐकून मला घेरीच आली होती. आपला जिना वळणाचा ना, रूळ मापाने घडवावा लागतो. सरळ असता तर निम्म्यात झालं असतं. पण बरेचसे पैसे पालिकेने दिले. त्यांची बाई घरी येऊन बघून जाते, मग मंजुरी. उरलेले मी पेन्शनमधून हप्त्याने फेडतेय. तुम्ही पण करा की अर्ज. फक्त मंजुरीच्या आधी कंपनीला काही देऊ नका हं, नाहीतर अनुदान बुडतं."

"बघू," थोरली म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज केला.

पालिकेची तपासणीसबाई आली त्या दिवशी थोरलीने सकाळपासून घर झाडून पुसून लख्ख केलं, ठेवणीतले कपडे घातले आणि दुखणं दबावं म्हणून गोळी घेतली. बाईंना आणून सोडायला धाकटीही आत आली आणि खुर्ची ओढून बसलीच.

"तुम्हाला जिना चढता येतो का?" बाईंनी विचारलं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर कीव होती. निदान थोरलीला तरी ती कीवच वाटली.

"न यायला काय झालं?" ती म्हणाली आणि उठली.

कठड्याला हात न लावता ती चढली. गुडघ्यांत कुणी तापलेल्या सळया खुपसतंय असं होत होतं, पण ओठांवरचं हसू तिने ढळू दिलं नाही. वर पोचून तिने बाईंना मशीनसुद्धा दाखवलं. नंतर आठवडाभर तिला कॉटवरून धड उठवेना.

अर्ज नामंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा तिने तरातरा, म्हणजे जमेल तेवढं तरातरा, पलीकडचं घर गाठलं.

"इस्पितळात ओळखी आहेत तुझ्या, म्हणून मिळालं तुला! आमच्यासारख्यांना कोण विचारतं?"

धाकटी म्हणाली, "मी त्या बाईंसमोर बसून चढले, जाऊबाई. पायरीवर बसायचं, हात टेकायचे, मागे सरकायचं. तान्ही मुलं चढतात तसं. अर्ध्यावर आले आणि पुढे होईना. मला त्या बाईंनी उचलून उभं केलं. माझं रडू थांबेना. ओळख कसली आलीय?"

थोरली घरी येऊन कॉटवर बसली. लाज वाटायला हवी होती, पण आधी हेवाच वाटला. अनोळखी माणसासमोर असं रडता येणं, हेही बाई हिलाच जमावं!

तिने फेरतपासणी मागितली. बाई पुन्हा आल्या तेव्हा दाराला आतून कडी घातली, न जाणो, धाकटी यायची. मग खालच्या पायरीवर बसली, हात मागे टेकले आणि सरकू लागली. वळणापर्यंतही पोचली नाही.

"मागच्या वेळी का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"जाऊ बसली होती ना समोर," थोरली म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

अनुदान मंजूर झालं. पेन्शन नसल्यामुळे तिला धाकटीपेक्षा थोडं जास्तच मिळालं, आणि ही बातमी तिने भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्या आवाजात मुलाला फोनवर सांगितली. उरलेले पैसे मुलाने भरले. तेही कमी लागावेत म्हणून कंपनीने नव्या रुळावर जुनी, दुरुस्त केलेली खुर्ची बसवली. खुर्चीच्या हातावर कुणाच्या तरी अंगठीचे ओरखडे, रंग मळक्या राखेचा. धाकटीची सायीची आठवून थोरलीचा पहिलाच प्रवास कडू झाला.

पण वर मशीन होतं. तिने चादर काढली, तेल घातलं आणि गाठोड्यातून उरलेलं गर्द निळं मखमली कापड काढलं. हातांना, पाठीला, बैठकीला बेतून तिने असं आच्छादन शिवलं की खुर्ची ओळखू येईना.

धाकटी बघायला आली. मखमलीवरून हात फिरवत राहिली, शिवण उलटून पाहिली. "माझी तर अगदीच दवाखान्यातल्यासारखी दिसते हो. मलाही शिवून द्याल असंच?"

तिच्या डोळ्यांतला तो भाव थोरलीने लगेच ओळखला. त्याची तिला जन्माची सवय होती.

"बघू," ती म्हणाली, "हातात कामं फार आहेत."

काम एकही नव्हतं. दोन दिवस तिने ते सुख पुरवून पुरवून घेतलं आणि मग धाकटीच्या खुर्चीचं माप आणायला गेली. आच्छादन नेटकंच शिवलं, टाक्यात कुठे कसूर ठेवली नाही. मखमल मात्र नाही वापरली.