थांबा हं, गॅस बारीक करते

अप्पा पेठे यांचं ठाम मत होतं की घरातल्या बाईचं नाव लग्नपत्रिकेवर छापावं, रेशनकार्डावर लिहावं आणि बाकी कुठे त्याचा बोभाटा करू नये. हे मत त्यांनी कधी ओरडून सांगितलं नाही. ओरडायची गरजच नव्हती. हातातला पेपर खाली न घेता ते जे बोलत, तो त्यांच्या घरात कायदा होई. पुढे पेठे मंडळी दादर सोडून नवीन पनवेलच्या एका सोसायटीत राहायला आली, तेव्हा हा कायदाही सामानाच्या टेम्पोत बसून सोबत आला.

त्यांची सून सुनीता मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हे. माहेरी तिच्या नकलांनी लग्नघरं हसून लोळायची. पण पनवेलमध्ये नक्कल करायची कुणापुढे? नवरा गुरुदत्त सकाळी बेलापूरच्या ऑफिसला जायचा तो दिवेलागणीला उगवायचा, आणि अप्पांपुढे नक्कल करणं म्हणजे देवळात शिट्टी मारणं. सुनीताबाई आपल्या ओट्यापाशी उभ्या राहून भांड्यांशी बोलू लागल्या.

त्यांना वाचवलं ते 'खाडीवारा'ने. खाडीवारा हे एक चिमुकलं रेडिओ स्टेशन, एका संस्थेने जुन्या पनवेलमध्ये साडीच्या दुकानावरच्या खोलीत थाटलेलं. ऐकू यायचं पळस्प्यापासून तळोज्यापर्यंत, आणि आपट्याला वारा असेल तसं. मुंबईची बडी स्टेशनं होतीच, पण तिथे वांद्र्याचं ट्रॅफिक सांगत. वांद्र्याला गाड्या अडकल्या तर पनवेलकरांनी काय करायचं? खाडीवाऱ्यावर कळायचं की उरण नाक्यावर म्हैस आडवी बसली आहे, आणि तिची उठायची लक्षणं नाहीत.

हे सांगणारा आरजे निनाद. काळासावळा, हडकुळा पोरगा होता म्हणे. पाहिला कुणी नव्हता. आवाज असा, की वाटावं हा आपल्याच ओट्यावर पाय सोडून बसलाय आणि शेंगदाणे खातोय. सकाळी अकराला त्याचा कार्यक्रम लागायचा, 'कान टवकारा'. तो एखादा आवाज ऐकवायचा, फक्त आवाज, आणि ऐकणाऱ्यांनी फोन करून तो कशाचा ते ओळखायचं. बक्षीस गावातल्याच दुकानांनी दिलेलं. कधी स्टीलचा डबा, कधी दोघांची मिसळ. नियम एकच: एकदा जिंकलेल्या नावाने महिनाभर पुन्हा फोन करायचा नाही.

पहिल्यांदा घडलं ते वरच्या मजल्यावरच्या कोमलमुळे. कोमल तेव्हा कॉलेजात होती. आईने विरजण आणायला पाठवलं होतं. ओट्यावरच्या छोट्या रेडिओतून 'खर्र, खर्र' असा आवाज येत होता. एका फोनवाल्याने करवत म्हटलं, दुसऱ्याने खराटा.

"काहीतरीच काय," सुनीताबाई म्हणाल्या, "नारळ खवतायत. आणि नारळ चांगला जून आहे."

"काकू, मग लावा ना फोन!"

"माझं नाव रेडिओवर आलं तर अप्पा घर डोक्यावर घेतील."

"मग माझं घ्या."

सुनीताबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, रेडिओ बारीक केला, फोनची लांब वायर ओढून आत घेतली आणि थेट कोमलच्या आवाजात, तिच्या 'ॲक्च्युअली'सकट, बोलायला सुरुवात केली. खरी कोमल तोंडात ओढणी कोंबून हसत खाली बसली.

"बोला कोमल, काय उत्तर?" निनादने विचारलं.

"थांबा हं, गॅस बारीक करते," सुनीताबाई म्हणाल्या. गॅस बारीक केला आणि उत्तर दिलं. डबा कोमलला मिळाला.

मग काय, बाईंना तोंडच फुटलं. तळमजल्यावरच्या गंगाबाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि कानाने अधू. 'कान टवकारा'मध्ये आपलं नाव आलं याचं त्यांना कोण कौतुक. मासे विकायला येणारी उरणकडची शांती तर नाव देऊन थांबली नाही, तिने शिकवणीच घेतली.

"अगो वैनी, मी 'नाही' बोलत नाय, मी 'नाय' बोलते. आनि जरा मोठ्यान बोल. आमी हलू बोललो तर मावरं कोन घेल?"

त्यानंतर रेडिओवरची शांती ऐकून खरी शांती पाटी खाली ठेवून टाळ्या वाजवायची. रसवंतीचे घुंगरू, एसटीचं दार, गिरणीचा पट्टा, सुनीताबाईंच्या कानातून काही सुटत नसे. पण फोनवर त्या आवाज बदलत, बोली बदलत, वय बदलत, आणि उत्तर द्यायच्या आधी न चुकता म्हणत, "थांबा हं, गॅस बारीक करते." कोमलच्या घरी गॅस चालू, गंगाबाईंच्या घरी गॅस चालू. शांती तर दारोदार फिरणारी, म्हणजे तिच्या डोक्यावरच्या पाटीतही गॅस चालू! ही गफलत बाईंच्या कधी ध्यानातच आली नाही. बायकांच्या तोंडी बसलेलं वाक्य ते; त्याला कोण कान देतंय?

अप्पाही बाहेरच्या खोलीत रोज खाडीवारा लावून बसत. सून समोर उभी राहून बोलायची तेव्हाच ते ऐकायचे नाहीत, तर रेडिओवर तिचा आवाज कुठून ओळखणार? दारात येणाऱ्या मासेवालीचं नाव शांती, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. उलट जेवताना सुनेलाच सुनावायचे, "ती शांती बघ. काय कान आहे बाईला! नाहीतर आपल्याकडे. दूध उतू गेलेलं कळत नाही."

सुनीताबाईंना आधी याचं हसू यायचं. पदराआड तोंड लपवून त्या पुढची पोळी वाढायच्या. पण एक दिवस हसू आलं नाही.  बक्षीस कुणाला का मिळेना, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण त्या खोक्यातून एकदा, एकदाच, 'सुनीता' असं नाव यावं आणि ते अप्पांच्या कानावर पडावं, एवढं त्यांच्या मनाने घेतलं. आणि नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

मग खाडीवारा बंद व्हायची वेळ आली. संस्थेला झेपेना. शेवटच्या दिवशी निनादने नेहमीसारखाच आवाज ऐकवला, आणि आज काय होईल ते होवो म्हणून बाईंनी फोन लावला. लागला. "मी..." एवढं बोलल्या आणि दार ढकलून अप्पा आत. "चहाचं काय झालं?"

"...मी गंगाबाई बोलतेय," सुनीताबाईंच्या तोंडून निघून गेलं. गंगाबाई तर केव्हाच मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या.

पलीकडे निनाद हसला. मग म्हणाला, "नमस्कार गंगाबाई. गॅस बारीक केलात ना?"

बाईंनी घाबरून फोन ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. दुसऱ्या दिवसापासून रेडिओच्या त्या आकड्यावर नुसती खरखर होती. तरी कित्येक दिवस त्यांनी काटा तिथून हलवला नाही.

वर्षं गेली. मोबाइल आले, ओट्यावरचा रेडिओ बिघडला तो बिघडलाच. कोमल लग्न होऊन पुण्याला गेली. गुरुदत्त निवृत्त झाले आणि सकाळी फिरायला जाऊन दुपारपर्यंत मित्रांत रमू लागले. फोनवर हवं ते हवं तेव्हा ऐकू येऊ लागलं, पण उरण नाक्यावर म्हैस बसली का हे सांगणारं कुणी राहिलं नाही. कुणी जिन्यात जुना विषय काढला की सगळ्यांना निनादचं 'टवकारा कान, पनवेलकर!' आठवायचं आणि दोन मिनिटं जिना हसायचा. शांती अजून मासे घेऊन येते. ती बाईंना आजही 'रेडिओ वैनी' म्हणते, अप्पा आसपास नाहीत हे बघून.

आणि यंदाच्या थंडीत बातमी आली की खाडीवारा पुन्हा लागणार. नवी माणसं, नवी जागा, पण अकरा वाजता तोच 'कान टवकारा' आणि तोच निनाद. मधल्या काळात तो म्हणे लग्नांत सूत्रसंचालन करायचा.

त्या दिवशी सकाळपासून अप्पांची लगबग. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण माळ्यावरून स्वतःचा जुना रेडिओ काढायला लावला, नवे सेल घातले, काटा जुळवला. सुनीताबाई आत वालाचं बिरडं शिजवत होत्या. आत आता रेडिओ नव्हता, म्हणून स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलं.

"टवकारा कान, पनवेलकर!"

आवाज थोडा जाडा झाला होता, पण शेंगदाणे तेच. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्याने आवाज ऐकवला. टक्. मग भस्स. आणि मग तो भस्स हळूहळू बारीक होत गेला, अगदी सूंऽऽ होईपर्यंत.

तळोज्याहून एक जण म्हणाला, कंपनीत वाफ सोडतायत. पळस्प्याच्या टपरीवाल्याने ट्रकचा ब्रेक सांगितला. आपट्याच्या एका आजीला तो नदीकाठचा साप वाटला. निनाद सगळ्यांना 'नाही' म्हणत होता आणि गालात हसत होता, ते ऐकूही येत होतं.

"नाही जमायचं कुणाला," अप्पा बाहेरून स्वतःशीच म्हणाले. "ती शांती हवी होती. तिने चुटकीसरशी सांगितलं असतं. कुठे गेली ती बाई कोण जाणे."

सुनीताबाईंनी पदराला हात पुसले. मोबाइल उचलला. छाती धडधडत होती. साठीला आलेल्या बाईची छाती रेडिओला फोन लावताना धडधडते, याचा त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाच्या भरात त्यांनी नंबर लावला.

"कोण बोलतंय? आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा बघू, मला मीच ऐकू येतोय."

झाली पंचाईत. रेडिओ बाहेर, अप्पांच्या शेजारी. फोन ठेवून देता आला असता. बाई फोन कानाला लावूनच बाहेर आल्या, अप्पांच्या समोर उभ्या राहिल्या, वाकून रेडिओ बारीक केला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या,

"मी सुनीता बोलतेय. सुनीता पेठे, नवीन पनवेलहून."

ना कोमलचा आवाज, ना शांतीचा. स्वतःचा. अप्पांच्या हातातला पेपर खाली आला.

"वा! सुनीताताई, पहिल्यांदाच फोन करताय वाटतं," निनाद म्हणाला. "हं, मग काय ऐकलंत? हा आवाज कशाचा?"

आणि तोंडात बसलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं. "थांबा हं, गॅस बारीक करते."

"बरोब्बर!" निनाद इतक्या जोरात ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "गॅस बारीक करतानाचा आवाज! अहो ताई, किती वर्षं वाट बघायला लावलीत? कोमल गॅस बारीक करायची, गंगाबाई करायच्या, मासे विकणारी शांतीसुद्धा करायची! तिसऱ्या फोनलाच मी ओळखलं होतं, बाई एकच आहे. नाव तेवढं कळत नव्हतं. पनवेलकर, आपल्या खाडीवाऱ्याचा सगळ्यात तिखट कान म्हणजे सुनीता पेठे!"

 सुनीताबाई नुसत्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग खालून कुणीतरी.

 "शांती... म्हणजे तू?" अप्पांनी विचारलं. बाईंनी मान हलवली. अप्पांनी हात पुढे केला आणि रेडिओचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. फोन आणि रेडिओ एकमेकांत मिसळून शिट्टी वाजू लागली. निनाद पलीकडून "ताई, आवाज कमी करा, आवाज कमी करा!" म्हणून विनवत होता.

"राहू दे मोठा," अप्पा म्हणाले. "ऐकू दे सोसायटीला. आणि बक्षीस आणायला मी येणार."

एवढ्या सगळ्यात गॅस बारीक करायचा राहूनच गेला. बिरडं खालून चांगलंच करपलं, आणि अप्पांनी ते दोनदा मागून घेतलं.