मारुतराव सरांचा फ्लेक्स

तळेगाव ढमढेऱ्यात इंग्रजी म्हटलं की मारुतराव सर. मूळचे निमोण्याचे, पण हयात गेली इथल्या हायस्कुलात 'पझेसिव्ह' शिकवण्यात. माय, युअर, हिज, हर. मालकी दाखवणारं विशेषण नामाच्या आधी येतं, हे गळी उतरवायला सर सरळ एखाद्याचं दप्तर उचलायचे आणि म्हणायचे, "माय बॅग!" दप्तरवाला ओरडायचा, "न्हाई सर, माय बॅग!" की झाला धडा पाठ.

अलीकडे मात्र हा शब्द पोरांच्या तोंडी भलत्याच अर्थानं ऐकू यायला लागला. आपल्या माणसाजवळ दुसऱ्या कुणाला फिरकू न देणारा तो पझेसिव्ह! सरांना ही थेरं मुळीच खपत नसत. आणि या अर्थाचा गावातला सगळ्यात पक्का नमुना कोण, तर सर स्वतः.

त्यांचा लाडका विद्यार्थी सम्राट परीक्षा देऊन फौजदार झाला. सरांनी पेढे वाटले, दिवसभर मिशीला पीळ. दुसऱ्या दिवशी चौकात शिरूरच्या एका अकॅडमीचा फ्लेक्स झळकला. 'आमचा विद्यार्थी', आणि शेजारी तिथं शिकवणाऱ्या भाग्यश्री मॅडमचा हसरा फोटो. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडमनी पण शिकवलंच की त्याला," बायको सारिका म्हणाली.

"परीक्षेआधी चार महिने! दळण माझं, हिनं नुसत्या भाकरी थापल्या."

"जळताय तुम्ही."

"जळतोय! मग?"

सरांनी दुप्पट मापाचा फ्लेक्स छापून आणला. फेटा बांधलेला स्वतःचा फोटो ऐसपैस, कोपऱ्यात सम्राट, आणि वर लालभडक अक्षरं: 'माझा विद्यार्थी'. बाजाराच्या दिवशी सकाळीच तो असा ताणून बांधला, की मॅडमचं तोंड नाकापर्यंत झाकलं गेलं. मग सर समोरच्या टपरीवर चहा घेत, कोण वाचतं ते बघत बसले. कित्येक दिवसांत चहा एवढा गोड लागला नव्हता.

एवढ्यात सम्राटची आई जाईबाई पिशवी घेऊन आली. फ्लेक्सपुढं थांबली. एकेक अक्षर लावत तिनं आधी सरांचा वाचला, मग वाकून मागचा.

"सर, आमचं नाव कुठंशी हाय?"

सर गडबडले. "जागा नव्हती हो उरली..." बोलता बोलता त्यांची नजर फ्लेक्सवरच्या स्वतःच्या फेट्याकडे गेली.

"ऱ्हाऊ द्या," जाईबाई म्हणाली. "त्या म्याडम म्हनत्यात आमचा, तुमी म्हनता माझा. भांडा निवांत. मला मेथी घ्यायचीय. त्यो येतोय आज."

"सम्राट? आज?"

"व्हय की. सकाळीच फोन आला. 'आये, मेथीची भाजी आन् भाकरी कर' म्हनला. तुमाला न्हाई केला व्हय फोन?"

सरांनी खिशातला मोबाइल काढून पाहिला. कुणाचाच फोन आलेला नव्हता. "करेल, करेल," ते म्हणाले, पण तोवर जाईबाई भाजीवालीपुढं उकिडवी बसून जुड्या निवडायला लागली होती. भाग्यश्री मॅडमचा राग कुठल्या कुठे गेला. आता सरांना त्या मेथीच्या जुडीचा हेवा वाटत होता.