डाव्या कोपऱ्यातला माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बहारीनमध्ये एका दुपारी आमच्या मॅनेजरसाहेबांनी व्हिसाचा एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. नावाची जागा कोरी होती. "तुला हवा तो माणूस आण," असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी एका माणसाला सांगितलं, साहेब नाही म्हणाले. साहेब नाही म्हणाले नव्हते. नाही मी म्हणालो होतो.

एवढं लिहून उठलो, गॅलरीत जाऊन आलो, पाणी प्यालो. परत बसलोय. पुढचं लिहितो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रिफाच्या बाजूला व्हिलांवर व्हिला उठत होते आणि मी एका बांधकाम कंत्राटदाराकडे टाइमकीपर होतो. सकाळी कॅम्पच्या गेटवर उभं राहायचं, कोण आला, कोण सिक आहे, कुणाचा किती ओव्हरटाइम, ते लिहायचं. हातात हातोडा नाही की थापी नाही, त्यामुळे लोक मला अर्धा साहेब समजायचे. मीही समजायचो.

कॅम्पात निम्मे लोक कोकणातले. सुतार, गवंडी, ड्रायव्हर. शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीत कबड्डी. बेटावर आपल्या लोकांचे सहा संघ होते, त्यांच्यात वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची. कॅम्पमागची जमीन दगडासारखी. ती आम्ही हातभर खणली, प्लास्टरच्या चाळणीतून खडे काढले, आणि आमच्या टिपरवाल्यानं झल्लाकच्या किनाऱ्यावरून वाळू आणून ओतली. "विचारून आणलीस काय रे?" म्हटलं, तर म्हणे, "इंशाल्ला, विचारूनच." ती वाळू खारट. गुडघा खरचटला की अशी झोंबायची की माणूस पकडीतून सुटल्यावर ओरडायचा.

डावा कोपरा सांभाळायचा तो माझ्याच तालुक्यातला. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठा, शटरिंग कारपेंटर. सगळा कॅम्प त्याला दादा म्हणायचा. चढाईला आलेला गडी पुढे पाय टाकतो तेव्हा त्याचा घोटा धरायचं काम कोपऱ्याचं. घोटा धरला की तो क्षणभर अडखळतो आणि तेवढ्यात बाकीचे त्याच्यावर कोसळतात. दादाचा हात घोट्यावर पडला की सुटत नसे. मात्र टाळ्या पडायच्या त्या वरून कोसळणाऱ्याला.

आणि गुणही. कारण गुण मी लिहायचो. मला रकान्यांचा नाद. नोकरीच तसली. संघाची वही मी ठेवायचो आणि प्रत्येक गुण कुणाच्या तरी नावावर चढवायचो. चढाईचा गुण सोपा. पकडीत मात्र चारपाच माणसं एकमेकांवर पडलेली, सगळी धूळ, कुणी धरलं ते कसं कळणार? मी ढिगात सगळ्यात वर जो दिसेल त्याचं नाव लिहायचो. दादा कायम सगळ्यात खाली.

एकदा तो माझ्या खांद्यावरून वहीत डोकावला.

"माझा नाव खंय आसा?"

"आहे की. हे बघ, दोन गुण."

"वर्षभरात दोन?" तो हसला. "मगे ते गडी काय आपणहून झोपाक येयत होते?"

बाकीचे हसले. मीही हसलो. वही बदलली नाही.

त्या वर्षी आम्ही फायनलला गोदीत काम करणाऱ्यांच्या संघाकडून हरलो. आमची पकड चांगली, पण चढाईला जाणारे गडी सामान्य. आम्ही साखळी करून, हातात हात घालून उभे राहिलो की त्यांची माणसं बाहेरून ओरडायची, "वऱ्हाड आलं रे! नवरदेव कुठाय?" सगळं मैदान हसायचं. ते हसणं मला आठवडाभर पुरलं. गेटवर हजेरी घेतानासुद्धा कानात तेच.

मग साहेबांनी बोलावलं. साहेब वसईचे ख्रिश्चन. वरच्या लोकांशी इंग्रजी, हैदराबादी फोरमनशी हिंदी आणि आमच्याशी मराठी.

"हरलात ना?"

"हो साहेब."

"एक व्हिसा देतो. सुतार लिही, हेल्पर लिही, काय हवं ते लिही. आणि तुझ्या दोन गड्यांना लाइट ड्युटी. एक गेटवर, एक स्टोअरमध्ये. याच्यावर मफी, काही मिळणार नाही. एवढ्यात टीम बसव."

"आणू कुणाला?"

"मी खेळतो काय कबड्डी? तुला हवा तो माणूस आण. मला कप या टेबलावर पाहिजे, खलास."

म्हणजे एक व्हिसा आणि दोन खुर्च्या. संघ बांधायला माझ्याजवळ एवढंच भांडवल. अर्ज खिशात घालून मी निघालो तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काय द्यायचं ते माझ्या हातात आलं होतं.

बातमी कॅम्पात माझ्याआधी पोचली. मेसच्या दारातच दादा उभा होता, हात धुऊन, ओले हात लुंगीला पुसत.

"भाऊ, एक व्हिसो आसा म्हणतत."

"बघू. साहेबांशी बोलायचंय अजून." बोलणं झालेलं होतं.

"माझ्या भावाक बोलव. माका दुसरा काय एक नको. लाइट ड्युटी पण नको."

त्याचा धाकटा भाऊ चिऱ्याच्या खाणीवर होता. दिवसभर उन्हात जांभा दगड तासायचा. दादा त्याला तिथून काढायला तीन वर्षं धडपडत होता. एजंटाला द्यायला पैसे नव्हते, आणि होते तेव्हा एजंट पळाला होता. तो भाऊ गावच्या संघात उजवा कोपरा खेळायचा. मी त्या दोघांना पाहिलं होतं. एकानं डावीकडून घोटा धरला की दुसरा न बघता उजवीकडून आत यायचा. एकमेकांना हाक मारायची त्यांना गरज नव्हती.

"त्येका खाणीतसून काढ रे," दादा म्हणाला. "पाठ जायत त्याची थंय. माझ्यासारखो घोटो धरता तो. माझ्यापेक्षा बरो."

मी म्हटलं, "सांगतो साहेबांना."

रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. मी वही उघडली, आकडे पाहिले, दहा मिनिटांत ठरवलं. दादाच्या नावावर दोन वर्षांत मिळून पाच गुण. त्याचा भाऊ त्याच्यासारखाच, म्हणजे आणखी पाच. मुंबईत एक चढाईवाला होता, त्याचं नाव आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं, तो एका सामन्यात दहा आणायचा. हिशेब उघड होता.

पण खरं सांगायचं तर हिशेब हे निमित्त होतं. दादाचा भाऊ आला असता तर तो दादाचा भाऊ म्हणून आला असता. चढाईवाला आला असता तर लोक म्हणाले असते, टाइमकीपरनं आणला. मला ते ऐकायचं होतं. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या रांगेत दादाचा नंबर आला.

"मॅनेजर काय म्हणालो?"

मी वहीवरची नजर काढली नाही. "नाही म्हणाले. त्यांना चढाईवालाच पाहिजे."

त्यानं खांद्यावरची हत्यारांची पिशवी सारखी केली. मागचे ओरडू लागले, "यल्ला, दादा, बस सुटेल!"

"जावंदे," तो म्हणाला. "पुढच्या टायमाक." आणि बसमध्ये चढला.

मुंबईचा गडी दीड महिन्यानं आला. पातळ मिशी, मान थोडी तिरकी, बोलायला मोठा गोड. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "काय टाइमकीपर, आपली ड्युटी कुठं? सावलीत ना?" त्याला गेटवर बसवला. स्टोअरची खुर्ची आमच्या जुन्या चढाईवाल्याला दिली. दादा होता तिथेच राहिला. उन्हात फळ्या चढवायच्या, खिळे ठोकायचे, काँक्रीट सुकलं की त्या फळ्या उखडायच्या, आणि शुक्रवारी येऊन लोकांचे घोटे धरायचे. माझी एक खुर्ची त्याला देता आली असती. वहीत पाच गुण असलेल्या माणसाला खुर्ची कशी देणार, असं मी स्वतःला सांगायचो.

पुढच्या स्पर्धेतले पहिले तीन सामने आम्ही जिंकलो. मुंबईकर असा खेळायचा की गोदीवाले टोमणे विसरले. लोक मला मेसमध्ये जागा करून द्यायला लागले. "टाइमकीपर, माणूस आणलास हां!" मी मान डोलवायचो. दादाच्या शेजारी बसणं मात्र टाळायचो. तो स्वतःहून येऊन बसायचा. त्याला काहीच कळलेलं नव्हतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

चौथ्या सामन्याच्या आधी गावाहून त्याला पत्र आलं. सकाळी गेटवर त्यानं ते माझ्यासमोर धरलं. खाणीत वरचा चिरा सुटून भावाच्या उजव्या हातावर आला होता. तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं उरलं.

"लीव्ह लिही," दादा म्हणाला. "इमर्जन्सी. परत येयन की नाय, सांगूक येणा नाय. घरात आता मीच."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशीही चांगलंच आलं. जायच्या दिवशी कंपनीच्या पिकअपमध्ये बॅग टाकून तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आता बोलेल. कुणीतरी सांगितलं असेल. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तू माझ्यासाठी मॅनेजराकडे गेलंस. कोण जाता रे कुणासाठी? ह्या मी विसरूचंय नाय."

मी म्हणालो, "नीट जा."

 पिकअप वळून रस्त्याला लागेपर्यंत वेळ होता. हाक मारली असती तर ड्रायव्हर थांबला असता.

तो परत आला नाही.

उरलेले दोन्ही सामने आम्ही हरलो आणि स्पर्धेतून गेलो. मुंबईकर तोच, त्याची चपळाई तीच. पण चढाईला गेलेला कधी तरी बाद होतोच, आणि आपल्या माणसांनी समोरचा गडी बाद केला तरच बाहेर बसलेला परत आत येतो. आमचे बाकीचे चढाईवाले सामान्य, आणि पकडणारा राहिला नव्हता. मुंबईकर तिसऱ्या चढाईत बाद झाला की अर्धा अर्धा डाव बाहेर माझ्याशेजारी बसून राहायचा, वाळूत बोटं रुतवत. दुसऱ्या सामन्यात तो मला म्हणाला, "मला आत घेणारा माणूस कुठाय, टाइमकीपर?"

"गावी गेला."

"बोलाव त्याला. मी मुंबईत एवढा खेळलो ते दोन कोपऱ्यांच्या जिवावर. मला एका सामन्यात सात वेळा परत आणायचे. पेपरात नाव माझं."

मी वही उघडली. माझ्या वहीत गुण आणणाऱ्याचा रकाना होता, बाद झालेल्याला परत आणणाऱ्याचा नव्हता. कुणी मला आज विचारलं, की मोजकंच भांडवल आहे, संघ कसा बांधू, तर मी सांगेन की आधी त्या खालच्या माणसाला बघ. त्याला सावलीतली खुर्ची दे, त्याला त्याचा जोडीदार आणून दे, आणि उरलं तर नवरदेव शोध. पण मला कुणी विचारत नाही. शिवाय हे शहाणपण संघापुरतं झालं. कप हरल्याचं मला कधीच काही वाटलं नाही. साहेबांनी नंतर एकदा विचारलं, "कोपऱ्यात होता तो कुठे गेला रे? त्याला भाऊबिऊ होता ना कोण?" मी म्हटलं, "ठाऊक नाही, साहेब." म्हणजे आणखी एक खोटं.

मी कायमचा परत येऊनही आता बरीच वर्षं झाली. दादाचं गाव माझ्यापासून एसटीनं तासाभरावर. दोनदा गेलो. पहिल्यांदा तिठ्यावर उतरलो, वडापाव खाल्ला आणि तसाच मागे फिरलो. दुसऱ्यांदा घरापर्यंत गेलो. दादाचे केस पिकलेत, खांदे तसेच आहेत. भावानंच चहा आणला. कपबशी डाव्या हातात, उजव्या हातानं नुसता आधार. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मी कुठे बघू ते मला कळेना.

दादानं शेजाऱ्यांना हाक मारली. "ह्यो बघा. आमच्या भावाच्या व्हिश्यासाठी मॅनेजराशी भांडलो तो ह्यो." दोघंतिघं अंगणात आले, मला नमस्कार करून गेले. भाऊ म्हणाला, "तुमी प्रयत्न केल्यात, ह्याच खूप झाला."

मी चहा संपवला. शेवटच्या गाडीला अजून दोन तास होते. मी म्हटलं, गाडी चुकेल, आणि उठलो.

दादाची मी काही भरपाई करू शकत नाही. त्याच्या भावाची तर नाहीच. मी त्या दोघांना एक वाक्य देणं लागतो: साहेब नाही म्हणाले नव्हते, नाही मी म्हणालो. ते त्यांच्या अंगणात, त्या शेजाऱ्यांसमोर, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. इथे लिहिलं म्हणून ते फिटलं असं होत नाही. अजून मी ते सांगितलेलं नाही.