घोडी आडवी झोपली ती सकाळ

मुलांनो, शेजारच्या घोडीबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी 'गेली' एवढंच सांगितलं. त्या तेलातल्या औषधाचा काही उपयोग झाला का, हा तुमचा प्रश्न तसाच राहिला. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मुर्री गावातल्या आपल्या शेजारच्या टांगेवाल्याची ती पांढरी घोडी. लहानपणी तुम्ही तिच्यावर बसला आहात. तिचं वरातीला जाणं केव्हाच थांबलं होतं. मागच्या पायांचे सांधे सुजलेले. बसलं तर उठता येणार नाही म्हणून ती बसतच नसे. उभ्यानेच गाढ झोप लागायची आणि ती पुढे कोसळायची. गुडघ्यांची सालं निघाली होती. नेहमीच्या दुखण्यावरच्या औषधाने पोट बिघडलं, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला कायमचं सोडवायचा सल्ला दिला. टांगेवाला ऐकेना. मग तुम्ही सुचवलेल्या कॅनाबिडिऑल या औषधाचा विषय मी डॉक्टरांपुढे काढला.

"भांगेच्या जातीतलंच ना हे?" टांगेवाला म्हणाला. "घोडी नाचन का, बाई? नाही तं आधी मलेच द्या."

"याने नशा येत नाही," डॉक्टर म्हणाले. "घोड्याला तोंडाने दिलं की रक्तात फार थोडं पोचतं. बरंचसं यकृतातच मोडतं. तेलात कालवून, खाण्याबरोबर दिलेलं बरं. सहसा त्रास होत नाही, पण या वयात खात्री कोण देणार? गुण आला नाही, तर मात्र माझं ऐकायचं."

टांगेवाल्याने मान हलवली.

गव्हाच्या कोंड्यात जवसाचं तेल आणि त्यात ते औषध. रोज संध्याकाळी मी समोर उभी राही, कारण मायेपोटी तो जास्त ओतेल अशी मला धास्ती होती. घोडी घमेलं चाटूनपुसून ठेवायची. लीद नीट, गुंगी नाही, रक्ततपासणीत यकृतही ठीक. औषध तिला सोसलं. पाय मात्र तसेच ओढायची.

मग एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "बाई, लवकर या ना! घोडी झोपून राहिली! आडवी झोपली हो!"

भाताच्या तणसावर पाय ताणून ती झोपली होती. ओठ सैल, श्वास संथ. तो हसत होता, मीही हसले. तिची झोप मोडू नये म्हणून आम्ही हळू बोललो, चहासुद्धा तिथेच घेतला.

ऊन तणसावर आलं तशी ती जागी झाली. पुढचे पाय रोवले, मागचे घसरले. पुन्हा तेच. माणसं धावली, पोटाखालून पट्टे घातले, तरी मागचे पाय उभे होईनात. दुपारी ती घामाने निथळत होती, डोळ्यांचं नुसतं पांढरं दिसत होतं. डॉक्टर आले आणि त्यांनी टांगेवाल्याकडे पाहिलं.

"काऊन पाहता माह्याकडे? द्या ना," तो म्हणाला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, दुखणं कमी झालं म्हणून ती झोपली, की उभं राहणंच जमेना म्हणून? ते म्हणाले, सांगता येत नाही.

टांगेवाला अजून कधीतरी कुंपणाशी येऊन विचारतो, "तेलानंच झोपली ना, बाई?"

मी हो म्हणते. तुम्ही आलात आणि त्याने विचारलं, तर तुम्हीही हो म्हणा.